रघूभाऊंची बर्फाची पेटी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला तसं मी सगळं सांगतो, लग्नाआधीच्या दोन भानगडींसकट — पण हे नाही. तुम्हाला का सांगायला बसलोय, तेही मला नीट कळलेलं नाही. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. आणि खरं सांगू? हल्ली मला स्वतःचंच कुतूहल वाटायला लागलंय. एखादा माणूस दिसायला इतका साधा, चतुर्थीचा उपास करणारा, शेजाऱ्याला स्कूटर द्यायला नाही न म्हणणारा — आणि त्याच्या आत हे असं काही इतकी वर्षं निवांत बसून राहतं! राहतं कसं?

पण आधी राइडबद्दल सांगतो. दरवर्षी उत्तरायणानंतरच्या, म्हणजे संक्रांतीनंतरच्या रविवारी सकाळी शहरातल्या आमच्या वाडी भागातून चाळीसेक मोटारसायकली निघतात. पतंगांचा मांजा अजून झाडांना, तारांना लोंबत असतो, म्हणून प्रत्येकाच्या हँडलला गळा वाचवणारी तारेची कमान असते. हरणीवरून हालोलच्या रस्त्याला लागायचं, पावागडच्या पायथ्याशी थांबायचं, तिथं सगळ्यांनी एकदम गोटी सोडा फोडायचा आणि रघूभाऊंच्या नावाने ओरडायचं — असा सगळा कार्यक्रम. सगळ्यात पुढे माझी गाडी. टाकीवर रघूभाऊंचा फोटो, झेंडूचा हार. अंगात काळे टी-शर्ट. पाठीवर फेसाळलेली बाटली आणि खाली अक्षरं — ‘रघूभाऊचा बार’. ते चित्र मी काढलंय.

तुम्ही म्हणाल, गुजरातेत बार? बरोबर आहे. आमच्याकडे दारूबंदी. म्हणूनच तर तो विनोद होता. रघूभाऊ, म्हणजे रघुनाथ शेलार, यांचं वाडीत सोड्याचं दुकान होतं. जिरा, लिंबू, काला खट्टा. दोन बाकडी, एक लाकडी बर्फाची पेटी, तिच्यावर ओलं पोतं. त्यांचे पणजोबा संस्थानच्या घोडदळात होते म्हणे, आणि नातवाचा मुलगा सोडा विकतो यावर रघूभाऊ स्वतःच सगळ्यांत जास्त हसायचे. संध्याकाळी कुणी फोनवर विचारलं, “क्यां छो?” की आम्ही ऐटीत सांगायचो, “बारमां बेठो छुं!” रघूभाऊही हसून घ्यायचे. थेंबालाही न शिवलेला माणूस. त्यांचे वडील दारूपायी गेले होते — रस्त्यावर, पोरांच्या देखत. रघूभाऊ एकदाच मला म्हणाले होते, “अवी, माणसाला बसायला जागा लागते रे. ती मिळाली की निम्मे लोक पीत नाहीत.” दुकान त्यासाठी होतं. मला हे माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोयच नाही.

आणि मोटारसायकल. त्यांच्याकडे जुनी बुलेट होती, तिला ते चिरंजीव म्हणायचे. आम्ही आठ-दहा जण रविवारी त्यांच्या दुकानासमोर जमायचो आणि कुठंतरी भटकून यायचो. रघूभाऊ कायम सगळ्यांच्या मागे. कुणाची चेन उतरली, कुणाचा टायर बसला की मागून रघूभाऊ येतच असायचे, खिशात पाना घेऊन. त्यांना पुढे जा म्हटलं तर म्हणायचे, पुढे काय आहे ते मला माहीत आहे, मागे कोण राहिलं ते बघू दे.

आता मुद्द्यावर यायला हवं. येतोच. मी गोरव्याच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला आहे. दुसऱ्यांनी केलेल्या नगांत चूक शोधायची, हा माझा पोटापाण्याचा धंदा. केसाच्या दहाव्या हिश्श्याइतकी चूक मी मायक्रोमीटर लावून पकडतो आणि वर चार शब्द ऐकवतो. वर्कशॉपमध्ये मला घाबरतात. असो.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या साहेबांना बढती मिळाली आणि मला त्यांच्या नजरेत भरायचं होतं. इथे राहणाऱ्या लोकांना ठाऊक असतं, की असल्या वेळी उघड दारू मिळणारं दमण फार लांब नसतं. मी एकटाच गाडीवर गेलो, दोन बाटल्या घेतल्या, मळक्या रेनकोटात गुंडाळून डिकीत कोंबल्या आणि भर पावसाळ्यात नाक्यावरच्या शिपायाला सलाम ठोकत परत आलो. मनातून मीच मला शाबासकी देत होतो. वाडीत पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. घरी नेता येत नव्हत्या — आई होती, सासरे आले होते. साहेबांकडे संध्याकाळी जायचं होतं. मधले तीन तास ठेवायच्या कुठे?

रघूभाऊ समोरच्या गल्लीत एका बारशाच्या घरी सोड्याचा क्रेट द्यायला गेले होते. दुकान उघडंच. तसं ते उघडंच असायचं, त्यांचा सगळ्यांवर विश्वास. मी पोतं उचललं, बर्फ सरकवला, दोन्ही बाटल्या तळाशी आडव्या ठेवल्या आणि वर पुन्हा बर्फ लावला. दोन मिनिटांचं काम. नाही — दोन मिनिटंही नाहीत. आणि मग एक जिरा सोडा स्वतःच उघडून बाकड्यावर बसलो. त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी ठेवू दिल्या नसत्या. म्हणून नाही सांगितलं. इतकं सरळ आहे ते.

तोवर रघूभाऊ परतले होते आणि आणखी तिघं बाकड्यांवर येऊन बसले होते, तेव्हा चारला पोलीस आले. कुणी चुगली केली होती का? नाही. निवडणूक तोंडावर होती आणि त्या आठवड्यात गल्लीगल्लीतली पानाची, सोड्याची दुकानं तपासत होते. आमच्या रघूभाऊंनी तर त्यांना आधी सोडा दिला. एका जमादाराने सहज म्हणून पोतं उचललं. बर्फात हात घातला. माझा ग्लास अर्धा भरलेला होता, तो मी तसाच धरून होतो. बोटं बधिर झाली होती, ते अजून आठवतं.

“आ कोनी छे?” जमादाराने विचारलं. कुणाच्या या?

रघूभाऊंनी बाटल्यांकडे पाहिलं. आश्चर्याने — एखाद्या लहान मुलाने नवं जनावर बघावं तसं. मग बाकड्यांकडे पाहिलं. आम्ही चौघं होतो. एकेकाच्या चेहऱ्यावरून नजर फिरली, ती माझ्यापाशी आली आणि... थांबली का? इतकी वर्षं मी याच प्रश्नाशी घुटमळतोय. थांबली का ती? का मला तसं वाटलं? रात्रंदिवस नव्हे, पण कधी दाढी करताना, कधी सिग्नलला, मी ती नजर पुन्हा लावून बघतो. कधी थांबते. कधी नाही थांबत.

“पेटी मारी छे, साहेब,” ते म्हणाले. पेटी माझी आहे, एवढंच.

मी काय केलं? सोडा संपवला. ते पोलिसांच्या गाडीत बसत होते तेव्हा मी त्यांच्या दुकानाची फळी लावायला मदत केली. लोक म्हणाले, अवी बघा, मित्र असावा तर असा.

उद्या सांगू, असं मी त्या दिवशी ठरवलं. माझी नोकरी जाईल, आईला काय वाटेल, साहेबांचं नाव निघेल — कारणं काय, ढिगाने होती. दुसऱ्या दिवशी ते जामिनावर सुटून आले आणि वाटलं, आता सुटलेच आहेत, तर मग कशाला? केस चालू राहिली, तारखा पडत गेल्या आणि दर तारखेला ‘आता कशाला’ हे थोडं थोडं मोठं होत गेलं. रघूभाऊंनी मला कधीच काही विचारलं नाही. सोडा तसाच द्यायचे. राइडला तसेच मागे असायचे. एकदा घाटात माझा क्लच तुटला तर भर उन्हात तासभर रस्त्यावर बसून त्यांनी तो जोडून दिला. मी बाजूला उभा राहून त्यांच्या हातांकडे बघत होतो. मला वाटलं, आता विचारतील. नाही विचारलं.

गंमत बघा — गंमतच म्हणायची — आमचा विनोद खरा झाला. ‘रघूभाऊचा बार’ म्हणजे खरंच बार होता, अशी गावभर बोलवा झाली. आणि लोक चिडले नाहीत हो, उलट खूश झाले! त्यांचं नाव अजून गोड झालं. भला माणूस, मित्रांसाठी पेटीत दोन बाटल्या ठेवायचा, पकडला गेला पण कुणाचं नाव घेतलं नाही. किस्से तयार झाले. कुणी म्हणायचं मी तिथं प्यालोय, कुणी म्हणायचं तिसऱ्या नंबरचा जिरा मागितला की बाटली निघायची. मी ऐकायचो. एक-दोन किस्से तर मीच घालून दिले. हे सांगायला लाज वाटते, पण जमून यायचे.

तीन वर्षांपूर्वी ते हृदयविकाराने गेले. तेराव्यालाच मी राइडची कल्पना मांडली. टी-शर्टही माझेच. का? मला खरंच माहीत नाही. प्रेम होतं, यात शंका नाही. पण ज्याच्या आयुष्याला आपण डाग लावला, त्याच डागाचं चित्र काढून चाळीस पाठींवर छापायचं — हे कुठल्या प्रकारचं प्रेम?

हे सगळं एकवेळ मी तसंच घेऊन गेलो असतो. या वर्षीचा रविवार आला नसता तर.

राइड हरणीत थांबते, कारण तिथे एका सोसायटीत मंदावहिनी राहतात, रघूभाऊंची बायको. आम्ही खाली हॉर्न वाजवतो, त्या गॅलरीत येतात, हात जोडतात, आत जातात. खाली कधी येत नाहीत. आम्ही समजायचो, दुःख आहे, साहजिक आहे. या वर्षी त्या खाली आल्या. सगळ्यांना तिळगूळ दिला. मग मला म्हणाल्या, अविनाशभाऊजी, जरा वर येता? पाणी पिऊन जा.

वर त्यांनी पाणी दिलं आणि समोर बसल्या. खालून इंजिनांचा आवाज येत होता. त्या म्हणाल्या, “एकच विचारते. साचं बोला हं. ते खरंच ठेवायचे का हो दुकानात?”

मी ग्लास हातात धरून बसलो. त्यांना घाई नव्हती. त्या सांगत राहिल्या. लग्न ठरवताना त्यांची एकच अट होती, मुलगा पिणारा नको. सुटून आले त्या दिवशी रघूभाऊंनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, बाटल्या माझ्या नाहीत. वहिनींनी विचारलं, मग कुणाच्या? त्यावर गप्प. कितीदा विचारलं, गप्प. “मी म्हटलं, पोरीची खोटी शपथ घेता? त्या दिवसापासून मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले, भाऊजी. नऊ वर्षं. जेवायला वाढायची आणि आत जायची. शेवटी दवाखान्यातपण — हात पुढे केला होता त्यांनी. मी नाही धरला.” त्यांनी पदर सारखा केला. “आता झोप येत नाही. मीच चुकले होते का, तेवढं सांगा.”

ठाऊक नसतं तर ते तसं म्हणाले असते. म्हणजे नजर थांबली होती. त्यांना माहीत होतं. नऊ वर्षं त्यांना माहीत होतं, आणि घरात बायको गमावत होते तरी त्यांनी माझं नाव घेतलं नाही. त्या नजरेबद्दलचं माझं कुतूहल तिथे त्या सोफ्यावर फिटलं. आणि समोर ती बाई वाट बघत बसली होती.

मी म्हणालो, “हो वहिनी. ठेवायचे. मित्रांसाठी.”

त्यांच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. “बस,” त्या म्हणाल्या. “म्हणजे मी बराबर होते.” डोळे पुसले. मला आणखी एक तिळाचा लाडू दिला.

जिना उतरताना मी स्वतःला सांगितलं की बाईच्या मनाला शांतता दिली, काय वाईट केलं? खरं सांगितलं असतं तर ती कोसळली असती. हे पावागड येईपर्यंत पुरलं. तिथं सोडे फुटले, आरोळ्या झाल्या, फोटो काढले, आणि मला कळलं की मी त्या घरात वहिनींचा विचार एक क्षणही केला नव्हता. मी फक्त खालच्या चाळीस गाड्यांचा विचार करत होतो — या चाळीस जणांना समजलं तर?

रघुनाथ शेलार आयुष्यात कधी प्यायले नाहीत. त्यांच्या दुकानात दारू कधी नव्हती. त्या दोन बाटल्या माझ्या होत्या. मुलीच्या डोक्यावर हात ठेवून ते खरं बोलले होते. ज्या एका माणसाला हे कळायला हवं, ती हरणीत राहते, माझ्या घरापासून गाडीवर वीस मिनिटांवर. मी गेलेलो नाही.