जळालेल्या मोहफुलांची गाठ

माझे अक्षर चांगले नाही आणि शुद्धलेखनही चौथीपर्यंतचेच आहे, त्याची आधीच माफी मागते. हे मी घरच्या पेटीत ठेवण्यासाठी लिहिते आहे. चैत्रातल्या त्या आगीचे प्रकरण अजून काल घडल्यासारखे समोर आहे. ते सांगताना मात्र कोणाची माफी मागायची नाही, असे ठरवले आहे.

तेव्हा गडचिरोलीही चांदा जिल्ह्यातच होती. माझे मालक पोलीस शिपाई होते. ते तापाने गेले आणि मला ठाण्यात घेतले. आणलेल्या बायकांची झडती घ्यायची, त्यांच्यावर पहारा ठेवायचा, एवढेच माझे काम. पुढे त्याच खात्यातून निवृत्त झाले, पण पहिली काही वर्षे मी पुरुषमाणसांसमोर मान वर करून बोललेही नव्हते. ठाणेदार साहेब हाक मारत, तेव्हा मी दाराआडूनच 'जी' म्हणत असे.

आग जंगलातून आली ती मोहर्लीकडच्या एका गावावर उतरली. गावाचे नाव लिहीत नाही. कडेची घरे जळली, भाताच्या तणसाचे ढीग जळले, कणगीतले बियाण्याचे धान जळले. गुरे सोडून दिली म्हणून वाचली. जंगल खात्याने मोहफुले वेचणाऱ्यांनीच आग लावली असे धरून साऱ्या गावावर दंड बसवला. लोकांनी पितळेची भांडी आणि बायकांच्या अंगावरची चांदी विकून तो भरला. वर निस्तारही बंद केला. निस्तार म्हणजे घरासाठी जंगलातून बांबू, बल्ल्या आणण्याचा गावाचा हक्क. पावसाआधी घरे उभी राहिली नाहीत आणि बियाणे मिळाले नाही, तर गाव उठणार हे सगळ्यांना कळत होते.

तेवढ्यात बिडीसाठीच्या तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराचा मुन्शी खबर घेऊन ठाण्यात आला. आग लावताना आपण एका बाईला डोळ्यांनी पाहिले, असे त्याने लिहून दिले.

बाईला आणले. गोंडाची विधवा, केस पांढरे, दोन्ही तळहातांवर फोड. साहेबांनी विचारले, "आग तू लावली?"

"नाई."

"मग हात काऊन जळले?"

"आग इझवाले गेली होती. तू आला असता त तुहे बी जळले असते."

शिपाई तिच्यावर खेकसला, "साहेबाले तू म्हणते?"

"मंग का म्हणू? देवाले बी तूच म्हणतो आम्ही."

साहेब हसले आणि मला झडती घ्यायला सांगितले. तिला आतल्या खोलीत नेले. तिच्या लुगड्याच्या ओटीत एक गाठ होती. त्यात मोहफुले होती, अर्धी करपलेली, काही नुसता कोळसा.

मी विचारले, "बाई, हे कशाले बांधून ठेवले?"

"माह्या झाडाखालचे होत. सकाळी येचाचे होते. जळले ते जळले, टाकून देऊ का?"

गाठ घेऊन बाहेर आले, तर ओसरीवर मुन्शी उभा. त्याने गाठीत डोकावले आणि त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "फेक ते बाहेर, बाई. ठाण्यात कचरा कशाला?"

मी गाठ मुठीत आवळली. म्हणाले, "झडतीत निघालेलं साहेबांच्या टेबलावर जातं." आणि आत जाऊन गाठ टेबलावर ठेवली.

साहेब भंडाऱ्याकडचे. त्यांच्या घरीही मोह वेचत. त्यांनी एक फूल बोटांत धरून पाहिले आणि मुन्शीला व त्या बाईला आत बोलावले.

"मुन्शीजी, ही झाडाखाली काय करत होती?"

"पाला जाळत होती, साहेब. मोह वेचायला जागा साफ करतात हे लोक. दरसालचंच आहे."

"त्या दिवशी मोह पडत होता?"

"खूप पडत होता."

"म्हणजे आपला पडलेला मोह हिने आपल्याच हाताने जाळला?"

मुन्शी दाराकडे सरकला. बाई मात्र आता थांबेना. "येडी हाओ का मी? पाला आम्ही शिमग्याच्या आंधी जाळतो. फूल पडाले लागलं का झाडाखाली कोनी बिडी बी पेटवत नाई. तुह्या बापाले मालूम नसन, गावात लेकराले बी विचार."

साहेबांनी त्याच दिवशी जागेचा पंचनामा केला. जळाल्याच्या खुणांवरून दिसले, की आग मोहाखाली सुरू झालीच नव्हती. ती पलीकडे, तेंदूच्या झुडपांत सुरू झाली होती. झुडपे जाळली की नवा पाला कोवळा फुटतो. मुन्शीच्या मजुरांना वेगवेगळे बसवून विचारले, तेव्हा पहिल्यानेच सांगून टाकले. त्या वर्षी पत्ता उशिरा फुटत होता, म्हणून मुन्शीने जाळायला लावले. वारा फिरला आणि आग हाताबाहेर गेली. मग मुन्शीने कबुली दिली.

निस्तार खुला झाला. आजूबाजूच्या गावांनी तणसाच्या आणि धानाच्या गाड्या पाठवल्या. मीही रजा काढून गेले. बायांबरोबर कुडाच्या भिंती शेणामातीने लिंपल्या. ती बाई फोड आलेल्या हातांनी माती तुडवायला उभी होती. मी म्हटले, "बाई, जरा बसा." म्हणाली, "बसली असती त मुन्शी जिंकला असता."

दंडाचे पैसे ठेकेदाराने गावाला परत द्यायचे, असे साहेबांसमोर ठरले होते. तो ठाण्यात आला, तेव्हा सारे गाव ओट्यावर बसले होते. म्हणाला, "अर्धे आणले आहेत. बाकीचे पत्ता विकला की देतो."

बाई उठली. "आग का अर्धी लागली होती?"

"बाई, समजून घे—"

"समजली. मंग पत्ता बी तूच तोड."

आणि खरोखरच कोणी पत्ता तोडला नाही. ठेकेदाराने शेजारच्या गावांतून माणसे आणायचा प्रयत्न केला. पण तिथे याच गावच्या लेकी दिलेल्या होत्या, त्यांनीही दाराला कडी लावून घेतली. ज्या कोवळ्या पाल्यासाठी गाव जाळले, तो झुडपांवर जाड होत चालला.

या प्रकरणाने मला एवढे शिकवले, की गरीब गावाने मुकाट्याने दंड भरला म्हणजे त्याने कबुली दिली असे नसते, आणि हातात आलेली वस्तू कोणी कितीही दरडावले तरी फेकायची नसते. त्यानंतर मी दाराआडून कधी 'जी' म्हटले नाही.

पत्ता पार राठ होण्याआधी ठेकेदार गावाला निरोप धाडून परत ठाण्यात आला. ओट्यावरच पैसे पुढे करू लागला, तर बाईने हात मागे घेतला. "इथी नाई. आत ठेव." जिथे मी फुलांची गाठ ठेवली होती, त्याच टेबलावर त्याने पैसे ठेवले. साहेबांनी मोजले. गावाने भरलेला सगळा दंड होता, एक पैसाही कमी नव्हता.