दोन मिनिटांची फेरी

पळणारी चार माणसं चहाला बसली, की पहिल्या घोटाला गुडघेदुखी निघते आणि दुसऱ्या घोटाला किस्से. आमचा ग्रुप दौंडचा, बहुतेक जण कुरकुंभला कंपनीत शिफ्टला. नव्वदचं दशक संपता संपता आम्हाला शिरूरच्या दहा किलोमीटरच्या शर्यतीचं वेड लागलं आणि आबा आमचे कोच झाले.

आबा म्हणजे मिलिटरीतले रिटायर हवालदार. त्यांची पद्धत एकच. ग्राउंडची चारशे मीटरची फेरी दोन मिनिटांत पळायची, मिनिटभर चालायचं, परत पळायचं. अशा बारा फेऱ्या! "ह्यो वेग अंगात मुरू द्या. शर्यतीत पहिल्यापास्नं ह्योच धरायचा. जास्त न्हाई, कमी न्हाई!"

*

पहिल्या दिवशी मला वाटलं, आबांवर छाप पाडावी. पहिली फेरी दीड मिनिटात मारली! आबांनी फक्त स्टॉपवॉच दाबलं.

पाचव्या फेरीला मी पोट धरून आलो. आबांनी स्टॉपवॉच दाखवलं. दोन मिनिटं चाळीस सेकंद!

"पहिली फेरी पळाला त्यो कोण व्हता? उद्या त्यालाच पाठव. तू नगं येऊ!"

*

कासुर्डीचा बिरू मात्र घड्याळाकडं न बघता प्रत्येक फेरी बरोबर दोन मिनिटांत आणायचा. आम्ही विचारलं, "हे जमतं कसं रे?"

"लहानपणी मेंढरामागं हिंडलोय. आपण पुढं गेलो की मागची ऱ्हात्यात. मागं ऱ्हायलो की पुढची दुसऱ्याच्या रानात घुसत्यात."

"मग?"

"मग रानवाला येतो. तवा जे पळावं लागतं, त्यो वेग आबांना अजून दावला न्हाई!"

*

ग्राउंडशेजारी बांधकाम चालू होतं. तिथला बिहारी गवंडी आठवडाभर आम्हाला बघत होता. शेवटी न राहवून आलाच.

"साहब, कुछ खो गया है क्या? रोज एक ही जगह घूमते हो!"

आबा आमच्याकडं बघत म्हणाले, "हाँ भाई. इनका टाइमिंग खो गया है!"

*

कंपनीच्या लॅबमधला कुलकर्णी सगळं मोजणारा माणूस. एका रविवारी टेप घेऊन आला आणि ग्राउंड मोजलं. फेरी भरली तीनशे पंच्याऐंशी मीटर! म्हणजे दोन महिने आम्ही फुकटच खूश होतो.

ग्राउंडवर चुन्याच्या फक्कीनं रेषा मारणाऱ्या मामांना गाठलं. मामा शांतपणे म्हणाले, "फक्की संपत आली व्हती. मंग वळण जरा आतनं घेतलं!"

*

आमच्यात एकच बाई. सुनंदावहिनी, आमच्या शिफ्टमधल्या मित्राची बायको. केडगावहून सकाळच्या गाडीनं यायच्या. सुनेनं चारचौघांत पळावं हे त्यांच्या सासऱ्यांना, आप्पांना, पसंत नव्हतं. दोन महिने ते सुनेशी बोलत नव्हते. वहिनींनी पळणं सोडलं नाही.

शर्यतीच्या दिवशी आप्पा मोपेडवरून शिरूरला हजर! "कामानं आलोय," एवढंच म्हणाले.

बायकांच्या शर्यतीची शिट्टी झाली आणि बाकीच्या सगळ्या सुसाट सुटल्या. वहिनी सगळ्यात मागं, आपल्या दोन मिनिटांच्या वेगानं. आप्पांना ते बघवेना. मोपेड शेजारी घातली. दोन महिन्यांनी पहिल्यांदा बोलले, "अगं, पळ की! समद्या पुढं गेल्या!"

"जाऊ द्या, आप्पा. आत्ताच जोर न्हाई लावायचा."

"मंग कवा? बक्षीस वाटल्यावर?"

पाचव्या किलोमीटरनंतर पुढच्या एकेक जणी दमायला लागल्या. वहिनींचा वेग तोच. एक मागं पडली, दोन पडल्या. प्रत्येकीला आप्पा मोपेडवरून मोठ्यानं मोजत होते. शेवटच्या वळणावर वहिनींनी उरलेलीलाही गाठलं आणि पहिल्या आल्या!

माइकवरून नाव पुकारलं. मग विचारलं, "यांचे कोच कोण आहेत? त्यांनी स्टेजवर यावं."

आबा शर्ट नीट करून उठणार, तेवढ्यात आप्पांनी हात वर केला. "मी!"

अर्धवट उठलेले आबा परत खाली बसले आणि टाळ्या वाजवायला लागले. आप्पा स्टेजवर चढले, हार घालून घेतला आणि हळूच सुनेच्या कानाशी वाकले,

"सूनबाई, आपण किती किलोमीटर पळालो गं?"