टॉर्चपुरता कुत्रा

चौतीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरचे विजेचे मीटर वाचले. जिन्याखाली वाकायचं, कोळिष्टकं बाजूला सारायची, काचेवर टॉर्च मारायचा, आकडा मोठ्याने म्हणून वहीत उतरवायचा आणि पुढचं घर गाठायचं. एकही रीडिंग कधी चुकलं नाही. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी तेवढं एक वाक्य सगळ्यांसमोर म्हटलं आणि लोक पांगले. नोकरी संपली, पण मीटरकाका हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

इतक्या वर्षांत ते हजारो घरांत शिरले, त्यांच्याशी लोक बोलले ते मात्र दोनच शब्द : "झालं का?" स्वतःच्या घरीही फार निराळं नव्हतं. काकू बोलायच्या, काका "हं" म्हणायचे, आणि त्यांचं "हं" बाहेर पडेपर्यंत काकूंचा विषय बदललेला असायचा.

एका मंगळवारी संध्याकाळी सातची मालिका ऐन रंगात आलेली असताना टीव्हीचं चित्र गेलं. आवाज खणखणीत. सून हुंदके देत होती, वकील दार आपटत होता आणि पडद्यावर मिट्ट काळोख. काकूंनी रिमोटच्या पाठीत दोन चापट्या घातल्या.

"अहो, बघा ना जरा!"

काकांना बघण्याची एकच रीत ठाऊक होती. त्यांनी खुंटीवरचा टॉर्च काढला, स्टूल ओढलं, काचेला नाक लावलं आणि उजेड तिरका टाकला. आत, अगदी पुसट, माणसं हलत होती.

"चित्र आहे," ते म्हणाले. "उजेड नाही."

"मग सांगा की काय दिसतंय ते."

"डावीकडे वर एक कान. कानात डूल."

"कान काय करायचाय मला? माणूस सांगा!"

"टॉर्चमध्ये माणूस मावत नाही गं."

टॉर्चचं वर्तुळ बशीएवढं. पहिला दिवस कान, कोपर, दाराची कडी असा सुटा माल सांगण्यात गेला. दुसऱ्या दिवशी, "आज चार बटणं, पैकी एक तुटकं," हे ऐकून काकू चक्क उठून आत निघाल्या. नेमकं तेव्हाच वर्तुळात काहीतरी केसाळ आलं. शाल असेल, पायपुसणं असेल. काकांच्या तोंडून घाईघाईत निघून गेलं, "कुत्रा!"

काकू वळल्या. "कसला कुत्रा?"

"तपकिरी. एक कान पडलेला."

"अगंबाई!" काकू परत बसल्या. "म्हणजे त्या पोरीला घरात कोणीतरी आहे म्हणायचं."

झालं. त्या दिवसापासून कुत्रा पोसणं आलं.

तिसऱ्या दिवशी मेकॅनिक येऊन टीव्ही पाहून गेला. पडद्यामागे उजेडाच्या पट्ट्या असतात, त्या जळाल्या होत्या. नव्या मागवायला दोन आठवडे लागणार होते. काकूंनी पाणी दिलं, ते त्याने हात जोडून नाकारलं. त्याचा नियमच होता : चित्र आल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या घरचा घोट घ्यायचा नाही.

दोन आठवड्यांत कुत्रा चांगलाच रुळला. सुनेच्या पायाशी बसायचा, वकील आला की सोफ्यामागे जायचा. "भुंकत कसा नाही हो?" असं काकूंनी विचारल्यावर काका म्हणाले, "वळण चांगलं आहे."

समोरच्या वहिनी साखर मागायला म्हणून आल्या आणि बसल्या त्या बसल्याच. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "काकू, आमच्याकडे तर कुत्रा दिसत नाही."

"तुमचा बत्तीस इंची ना?" काकूंनी क्षणभरही विचार केला नाही. "आमचा त्रेचाळीस. तुमच्याकडे कडेचं कापलं जात असणार."

वहिनींना पटलं. वरच्या मजल्यावरचे शिंपी तर आपला धडधाकट टीव्ही बंद करून, खुर्ची उचलून खाली येऊ लागले. काळ्या पडद्यासमोर अशी आठ-दहा माणसं जमायची. काकांनी घसा खाकरला की सगळे चिडीचूप, आणि ते जरा थांबले की कोणीतरी हळूच विचारायचं, "पुढे?"

'झालं का?' ऐकत म्हातारा झालेला माणूस. हे 'पुढे?' त्यांना इतकं गोड लागायचं की ते मुद्दामच जरा जास्त वेळ थांबायचे. दुपारी जेवताना काकू विचारत, "काल लंगडत होता, आज बरा असेल ना?" आणि काका घास हातात धरून विचारात पडत.

मग मेकॅनिकचा फोन आला. पट्ट्या आल्या, उद्या येतो.

उद्या लख्ख उजेड पडणार आणि त्यात कुत्रा नसणार. एकच मार्ग होता. त्या संध्याकाळी त्यांनी जड आवाजात सांगितलं, "वकिलाने कुत्रा गाडीत घातला. नेला."

शिंप्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. काकूंनी पदर डोळ्यांना लावला. काकांनी तीन मिनिटं कशीबशी काढली.

"आला!" ते ओरडले. "गाडीतून उडी मारून परत आला!"

वहिनींनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने टीव्ही पलंगावर पालथा घातला. स्क्रू वाटीत टाकले, पडदा अलगद उचलून बाजूला ठेवला, जळक्या पट्ट्या सोलून काढल्या, नव्या चिकटवल्या. काका शेजारी टॉर्च धरून उभे होते. स्वतःच्याच हाताने उजेड दाखवत होते. सातला पाच कमी असताना चित्र आलं. लख्ख. सुनेच्या साडीचे काठसुद्धा मोजता येत होते. मेकॅनिकने समाधानाने हत्यारं आवरायला घेतली.

नेहमीची मंडळी खुर्च्या घेऊन जमली, मालिका सुरू झाली. पाच मिनिटं गेली, दहा गेली.

"कुत्रा कुठाय?" काकू म्हणाल्या.

"कोणता कुत्रा?" मेकॅनिकने नुकताच हातात घेतलेला पाण्याचा पेला ओठांपाशी थबकला.

"चित्र पुरतं आलेलं नाही, भाऊ. परत उघडा."

"काकू, सगळं आलंय. चारही कोपरे बघा."

"कोपरे आलेत, कुत्रा नाही आला," शिंपी म्हणाले.

मेकॅनिकने पेला खाली ठेवला. घशाला कोरड पडलेली, पण नियम म्हणजे नियम. काका स्टुलावरून उठले. त्यांचे कान लालबुंद झाले होते.

"अगं," ते म्हणाले, "माझं रीडिंग चुकलं असेल."

हे वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच उच्चारलं होतं. काकू त्यांच्याकडे बघतच राहिल्या, मग हसल्या.

"तुमचं? चौतीस वर्षांत एक आकडा चुकला नाही, आणि अख्खा कुत्रा चुकला? काहीतरीच काय बोलता! बसा खाली." आणि मेकॅनिककडे वळून म्हणाल्या, "यांचं चुकत नाही. तुमचं काहीतरी राहिलंय."

मेकॅनिकने काकांच्या कानांकडे पाहिलं. मग स्टुलाकडे, टॉर्चकडे, आणि घरून आणलेल्या खुर्च्यांकडे. मग त्याने खिडकीचे पडदे ओढले, रिमोट घेतला आणि पडद्याचा उजेड कमी कमी करत पार तळाला नेला. खोली अंधारली.

"एवढ्या उजेडाची सवय नसेल त्याला," तो म्हणाला. "काका, बघा बरं आता."

काकांनी टॉर्च लावला. वर्तुळात सुनेची पावलं होती आणि त्यांच्यापाशी स्वच्छ, मोकळी फरशी. त्यांनी घसा खाकरला. मागे सगळे चिडीचूप.

"पुढे?" काकू म्हणाल्या.

"सोफ्याखाली होता," काका म्हणाले. "बिचकला होता. येतोय आता बाहेर."

"बिचारा," शिंपी पुटपुटले.

आता चित्र पुरतं आलं होतं. मेकॅनिकने पेला उचलला, अर्धा घटाघटा प्यायला आणि मध्येच थांबून अंधारात पुढे वाकला.

"काका," त्याने विचारलं, "रंग कोणता हो त्याचा?"