तक्त्यावर नसलेली याडी

चूक माझी होती, आणि ती कळल्यावरही मी दोन वर्षं गप्प बसलो. ही दुसरी चूक पहिलीहून मोठी.

आर्णीजवळच्या एका शाळेत मी इंग्रजी शिकवायचो. बोंडअळीने कापूस खाल्ला त्या वर्षी आमच्याकडे 'जागतिक कौशल्ये' हा तास सुरू झाला. मुलांना परदेशी भाषांची तोंडओळख करून द्यायची. मी स्वतःच मोबाइलवरून शिकत होतो. भाड्याच्या खोलीत एकटाच राहायचो, त्यामुळे संध्याकाळी भिंतीशी जर्मन बोलायचो.

एकदा 'जगभरातली आई' असा तक्ता केला. जर्मन मुटर, फ्रेंच मेर, जपानी हाहा. मग पोरांना विचारलं, तुमच्या घरी काय म्हणता? कोणी माय सांगितलं, कोणी अम्मी. बंजारा तांड्यावरून येणारी पाचवीतली एक मुलगी उठून म्हणाली, "याडी."

"आईला येडी म्हणतेस? मग तू येडीची पोर का?" मी म्हणालो.

वर्गात हशा पिकला. तिचा शब्द मी तक्त्यावर लिहिला नाही. पोरं तिला येडी म्हणू लागली. तिने वर्गात बोलणंच सोडलं, हजेरीला नुसता हात वर करायची.

महिनाभराने शाळेचा शिपाई, तोही तांड्यावरचाच, म्हणाला, "सर, आमच्या गोरबोलीत याडी म्हंजे माय. तुमाले जपानची माय ठाऊक, अन् बाजूच्या तांड्याची नाही?"

मी हसून वेळ मारून नेली. पोरांसमोर माफी मागितली तर वचक जाईल, असं वाटलं. पण खोलीत मग जर्मन बोलवेना. तोंडी परीक्षेत ती गप्प उभी राहायची आणि मी शून्य द्यायचो. दोनदा दिलं.

सातवीत, ऐन वेचणीच्या दिवसांत ती यायची बंद झाली. आता शाळा सोडणार म्हणते, असं शिपायाकडून कळलं तेव्हा मी तांड्यावर गेलो.

तिची आई अंगणात कापूस वाळत घालत होती. "काहून येत नाही, ते सांगतच नाही पोरगी," ती म्हणाली. "तुमीच सांगा गुर्जी."

म्हणजे घरी काहीच माहीत नव्हतं. मग मलाच सगळं सांगावं लागलं, येडी या शब्दासकट. आईचे हात कापसातच थांबले. मुलगी दाराआड उभी होती.

"याडी," मी आधी आईला म्हणालो. उच्चार चुकलाच असेल. मग दाराकडे वळलो. "पोरी, तुझा शब्द बरोबर होता. मी चुकलो. मला माफ कर."