पाठमोरे आप्पा

मी बडोद्याला निघाले तेव्हा भातलावणी ऐन भरात होती. कोळवणच्या स्टँडवर सोडायला आई आली होती. एसटी सुटायच्या बेतात असताना आप्पा, म्हणजे माझे वडील, खाचरातून थेट आले, गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन. "पोचलीस की फोन कर," एवढंच म्हणाले आणि कंडक्टरकडं बघत राहिले, मला त्याच्याच ताब्यात देत असल्यासारखे. आईचं मात्र संपत नव्हतं. डब्याचं, चादरीचं, उन्हाचं सांगून झाल्यावर ती खिडकीशी येऊन हळूच म्हणाली, "काय बी काड तितं, पर ह्येंचं त्वांड काडू नगं."

गावाकडच्यांना हे समजावायला नको. आमच्यात हातानं काढलेला चेहरा भिंतीवर लागतो तो गेलेल्या माणसाचा, हारासकट. मोबाईलच्या फोटोचं आईला काही वाटत नसे, तो पुसता येतो म्हणे. आप्पा तर मोबाईल दिसला तरी मान वळवायचे. मी चित्रकला शिकायला निघाले होते आणि मला घरातलंच तोंड वर्ज्य होतं. तेव्हा मला हसू आलं होतं.

बडोद्यात हसू लवकर आटलं. मेसच्या डाळीत गूळ, खोलीत तीन भाषा, आणि संध्याकाळी डोंगर कुठंच नाही. सूर्य आपला घरांमागं कुठंतरी पडतो. तुमच्यातले जे कुणी बाहेर पडलेत, मग दुबईला असोत की बावधनला, त्यांना ही संध्याकाळ ठाऊक असेल. हळूहळू माझ्या बोलण्यात 'बराबर' आणि 'चालो' शिरलं. फोनवर आई म्हणायची, "मी कुना परक्याशीच बोलतीया असं वाटतंय."

दुसऱ्या वर्षी आमच्या मॅडमनी प्रोजेक्ट दिला. तोंडपाठ असलेलं एक माणूस समोर न बसवता काढायचं. हुबेहूब आलं नाही तरी चालेल, पण रेघेत जीव पाहिजे. मला बरंच वाटलं. आप्पांची पाठ काढायची ठरवली. पाठीला काही आईची बंदी नव्हती.

पहिली चित्रं फार नीटनेटकी झाली. "बहुत साफ है," म्हणून मॅडमनी बाजूला ठेवली. मग मी मोठा कागद फरशीवर अंथरला, त्यावर पाणी शिंपडलं आणि कोळसा घेऊन कमरेत वाकले. एकेक रेघ मारत मागं मागं सरकत गेले. कंबर मोडून आली तेव्हा कुठं रेघ बरोबर पडायला लागली. बनियनची चाळण, उतरलेला डावा खांदा, मानेवरची घडी. मी भातलावणीसारखं चित्र काढत होते, हे मला हात काळे झाल्यावर कळलं.

चित्रं भिंतीला लागली. सगळ्यांना आवडली, आणि सगळ्यांना त्यात एकच दिसलं: बाप लेकीला सोडून चाललाय. मी म्हणाले, "जा नहीं रहे, आ रहे हैं." वर्ग हसला. त्यांना काय सांगणार? भात लावणारा माणूस मागं सरकत लावतो. बांधावर बसलेल्या पोरीला बापाची पाठच दिसते, पण ती जवळ जवळ येत असते. चिखलाचा पचक पचक आवाज वाढत जातो आणि मग एकदम आप्पा बांधाला टेकून म्हणतात, "पानी दे गं." माझं सगळं लहानपण ह्या वाट बघण्यात गेलं. इतकं सुख मला पुन्हा कुठं मिळालेलं नाही.

त्याच वर्षी उन्हाळ्यात चुलत्यांचा फोन आला. आप्पांच्या छातीत दुखायला लागलं, पौडला दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी रात्रभराचा प्रवास करून पोचले तेव्हा अंगणात खुर्च्या होत्या आणि आप्पा नव्हते. लोकांनी वाट बघितली, पण किती बघणार?

दहाव्याच्या आधी चुलते म्हणाले, "घरात चित्रकार हाय, मंग श्टुडिओत कशाला जायाचं? तूच काड." आता आईची मनाई उठली होती. मी बसले. आधार कार्डावरचा फोटो समोर ठेवला. नाक आलं, मिशी आली, आप्पा आले नाहीत. खोडून खोडून कागद फाटला. ज्या माणसाची मानेवरची घडी मला झोपेत काढता आली असती, त्याचे डोळे कसे होते ते मला आठवेना. मी आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. शेवटी पौडच्या स्टुडिओनं तोच फोटो मोठा करून दिला, वर निळा कोट आणि टाय चढवून. "सायेब दिसत्यात," आई म्हणाली आणि हार घातला.

सगळे पाहुणे गेल्यावर मी तिला मोबाईलवर माझी चित्रं दाखवली. तिनं मोबाईल लांब धरून बघितलं. काही समजावून सांगावं लागलं नाही.

"लावत लावत आलं की हितवर," ती म्हणाली. मग बोट पडद्यावर खाली खाली नेत म्हणाली, "पर बांध कुटं हाय? बांध न्हाई काडला."

"बांधावर मी बसलीय ना, आई. तिथनंच दिसतंय हे."

तिनं पदरानं पडदा पुसला, आणि मोबाईल माझ्या हातात देत म्हणाली, "मंग तू हितं पायजे हुतीस."

तिनं हे रागानं म्हटलं नव्हतं. त्यानंतर मी बडोद्याला परत आले, तिसरं वर्ष सुरू झालं, आता चित्रंही विकली जातात. कुणी विचारलं तर घर मुळशीत, कोळवणकडं आहे म्हणून सांगते. पण खरं सांगायचं तर माझं घर म्हणजे बांधावरची ती बसायची जागा होती, आणि आप्पा मागं सरकत तिच्यापर्यंत पोचले तेव्हा तिथं पाणी द्यायला कुणी नव्हतं.