चौकटीतली वाळवी

महिनाभर बाबांच्या नाकातून अधूनमधून रक्त येत होतं आणि मी, पॅथॉलॉजी लॅबमध्ये बारा वर्षं लोकांच्या गाठींच्या स्लाइड रंगवणारी बाई, कांदा फोडून त्यांच्या नाकाशी धरत होते. उष्णता असेल, म्हणत होते. कळतं पण वळत नाही म्हणतात, ते हे.

बाबा सुतार. जन्मभर सागवान तासलं, अलीकडे उलव्याच्या नव्या फ्लॅटांत प्लायची कपाटं बसवायचे. मास्क आणून दिला तर खुंटीला टांगायचे. संध्याकाळी सुकापूरला घरी आले की आधी गुळाचा खडा तोंडात. गूळ खाल्ला की भुसा पोटात उतरतो, ही त्यांच्याबरोबरच्या सगळ्या सुतारांची समजूत. नाकात किती बसला, ते कोणी विचारलं नाही. एकदा म्हणाले, लाकडाला आता वासच येत नाही. मी म्हटलं, प्लायला कुठला आलाय वास!

उजवी नाकपुडी पार बंद झाली तेव्हा डॉक्टरांकडे नेलं. सायनसमध्ये गाठ निघाली. तपासायचा तुकडा पनवेलला आमच्याच लॅबमध्ये आला. आपल्या माणसाचं सॅम्पल आपण हातात घ्यायचं नाही, असा आमचा शिरस्ता. मी घेतलं. हात थरथरलेसुद्धा नाहीत, याचा मला अजून राग येतो.

कॅन्सर होता. आता प्रश्न उजव्या डोळ्याचा होता. बाबा फळीची कड जोखायचे ती त्याच डोळ्यानं, डावा मिटून. नाक आणि डोळा यांच्यामध्ये हाडाचा पातळ पडदा असतो. तो पोखरून गाठ डोळ्यात शिरली असेल, तर डोळा ठेवता येत नाही. एमआरआयमध्ये नेमकी तिथेच शंका होती. काही गाठी एन्झाइम सोडून आजूबाजूची भिंत विरघळवतात आणि पुढे सरकतात. ते एन्झाइम दिसावं म्हणून आम्ही स्लाइडला स्टेन लावतो. एन्झाइम असेल तिथे तपकिरी रंग येतो. एकट्या त्या रंगावर डोळ्याचा निकाल लागत नाही, अंदाज येतो फक्त. लॅबच्या डॉक्टर मॅडमनी मायक्रोस्कोप माझ्याकडे सरकवला. गाठीची सगळी कड तपकिरी होती, सागाला पॉलिश चढल्यासारखी. मला काहीच वाटलं नाही. एक वाजला तसा मी डबा खाल्ला.

घरी एन्झाइम वगैरे काय सांगणार? म्हटलं, बाबा, वाळवीसारखं आहे. ते गूळ चघळायचे थांबले.

“दारातच हाय, का चौकटीत शिरली?”

“चौकटीत शिरणारी जात आहे.”

“मंग चौकट काडाया लागंल,” ते म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

ऑपरेशनमध्ये पडदा खाल्लेलाच निघाला. डोळा काढला. कागदावर सही माझी होती. नातेवाईक म्हणाले, पोर धीराची आहे. धीर कसला, बधिर झाले होते मी.

तीन महिन्यांनी घरातलं एक फळकूट बदलायचं निघालं. बाबांनी नवी फळी उचलली, तोंडासमोर आडवी धरली आणि जन्माच्या सवयीनं डावा डोळा मिटला. तसेच उभे राहिले. मी दारातच होते.

“सरळ हाय का गो?” त्यांनी विचारलं.

फळीकडे न बघताच मी सांगितलं, सरळ आहे.