सरकीखालची दोन माणसं

१९६४ साली मी तेल्हाऱ्याजवळच्या एका जिनिंग फॅक्टरीत हजेरी लिहायचो. पुंजाजी तिथला ड्रेसर. कुणाचं बोट यंत्रात सापडलं, कुणाला भोवळ आली, की त्याच्या पत्र्याच्या खोलीकडे जायचं. छप्पन साली बौद्ध झालेल्या घरातला, सातवी पास, तिशीतला, कमी बोलणारा माणूस. त्याची बायको पंचफुला सरकीच्या गोदामात पोती भरायला होती. दुपारी दोघं भिंतीच्या सावलीत एकाच फडक्यातली भाकर खायची.

आदल्या वर्षी त्याला अकोल्याला प्रथमोपचाराच्या वर्गाला पाठवलं होतं. छाती दाबून, तोंडानं श्वास देऊन माणूस कसा वाचवायचा हे तो शिकून आला. "पुंजाजी मेलेल्याले उठवते," असं मी एकदा गमतीनं म्हणालो, तर तो चिडलाच.

"मेलेल्याले कोणी नाई उठवत, बाबू. डाक्टरनं आमाले हेच पहिले सांगतलं. जबडा ताठला असन, अंग थंडं असन, खालच्या बाजूनं रक्त साकळून जांभळं झालं असन, त हात नाई लावाचा. अन् दोघं असले त ज्याच्यात जीव हाय त्याच्यापाशी जाचं. आपल्याले दोनच हात हायेत."

जानेवारीतला मंगळवार होता. सकाळी नऊच्या सुमारास गोदामातला सरकीचा ढीग एका अंगानं घसरला. तसा तो नेहमीच घसरायचा. बायका बाजूला झाल्या आणि पुन्हा पोती भरू लागल्या. पंचफुला ढिगाच्या मागे गेली होती, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. दुपारच्या सुट्टीत ती दिसली नाही. घरी त्यांची लेक शालू तापानं पडली होती, म्हणून ती घरी गेली असेल असं पुंजाजीला वाटलं. त्यानं एकट्यानं भाकर खाल्ली. मीसुद्धा कुणाला न विचारता तिच्या नावापुढे 'घरी गेली' असं लिहून टाकलं.

तीन वाजता मागच्या बाजूची सरकी ओढताना एका बाईच्या हाती लुगड्याचा पदर आला. तिनं किंकाळी फोडली.

सगळ्यांत आधी आत शिरला तो किसनराव फिटर. शेजारच्या गावचा कुणबी, धिप्पाड गडी. हातातल्या फावड्यानं तिला इजा होईल म्हणून त्यानं ते फेकून दिलं आणि हातांनीच उकरायला लागला. "वहिनी हाय रे आत! लागा ना हातोहात!" तो ओरडत होता. चारचौघांनी पंचफुलाला ओढून बाहेर काढलं आणि अंगणात ठेवलं. किसनराव मागून निघणार, तेवढ्यात खालून पोकळ झालेला ढीग वरून कोसळला आणि तो त्याखाली गेला.

पुंजाजी धावत आला. मी त्याच्या अगदी जवळ उभा होतो. पंचफुलाचं तोंड उघडायला त्यानं हनुवटीला हात लावला. जबडा हलला नाही. मानही वळली नाही. त्याची बोटं तिथंच थांबली. त्याला कळलं होतं. आज इतक्या वर्षांनीही मला त्याची खात्री आहे.

मग त्यानं तिच्या छातीवर हात ठेवले आणि दाबायला लागला.

सहा-सात मिनिटांनी किसनराव निघाला. नाकातोंडात सरकी भरलेली, चेहरा काळानिळा. मुकादम सहदेवनं गळ्याला हात लावला.

"पुंजाजी! याची नस चालू हाय! गरम हाय हा! इकडे ये!"

पुंजाजी दाबत राहिला.

"अबे, वहिनी गेली! हा जिता हाय, पाह्य त खरं!" सहदेवनं त्याचा खांदा धरून ओढला. पुंजाजीनं त्याला झिडकारलं.

"थांब ना. उठून राहिली थे."

आम्हाला कुणालाच काही येत नव्हतं. कुणी किसनरावच्या तोंडावर पाणी मारलं, कुणी तळवे घासले. कुणी त्याच्या तोंडात बोट घालून थोडी सरकी काढली. त्याची छाती एक-दोनदा उचलल्यासारखी झाली. मग नस लागेना.

दवाखान्यातले डॉक्टर आले तेव्हाही पुंजाजी दाबतच होता. त्यांनी त्याचे हात धरून थांबवले. "ही सकाळीच गेलेली आहे," ते म्हणाले. मग किसनरावकडे वळले. "याला किती वेळ झाला?"

चौकशीला अधिकारी आला. दोघंही काढली तेव्हा मृतच होती, असं सगळ्यांनी सांगितलं. मीही सांगितलं. पुंजाजी एकटाच म्हणाला, "साहेब, किसनराव जिता होता. मले सहदेवचा आवाज येत होता." अधिकाऱ्यानं मान हलवली, पण लिहिलं नाही. बायको गेल्यानं त्याच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं त्याला वाटलं असावं.

महिन्याभरानं किसनरावची बायको पार्बताबाई फॅक्टरीत आली. पुंजाजी तिच्यासमोर खाली मान घालून उभा राहिला. ती शिव्या देईल असं आम्हाला वाटलं होतं. त्यालाही तेच हवं असावं.

"भाऊ, त्याईच्यात जीव होता का हो?"

"होता."

"तुमी आले असते त वाचले असते?"

"सांगता नाई येत, बाई. वाचले असते बहुतेक."

"माह्या धन्यानं तुमच्या बायकोसाठी हात फोडून घेतले," एवढंच ती म्हणाली आणि निघून गेली.

त्यानंतर आठवड्याभरात पुंजाजीनं काम सोडलं आणि शालूला घेऊन चांदूर बाजारला बहिणीकडे गेला. तीन वर्षांनी मी त्याला तिथं भेटलो. बाजारात हमाली करत होता. तो कधीकाळी ड्रेसर होता हे तिथं कुणाला ठाऊक नव्हतं. आम्ही चहा घेतला. शालूचं विचारलं, तिनं शाळा सोडली होती. पंचफुलाचा विषय दोघांनीही काढला नाही. माझी बस लागली तेव्हा त्यानं विचारलं,

"पार्बताबाई आता कुठं असते?"

लेकरं घेऊन ती गाव सोडून गेली होती. कुठं गेली, हे मला माहीत नव्हतं.